बीआरसीए चाचणीचा निकाल: फोनवर ऐकावा, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचावा, की समोर बसून समजून घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुमच्या आईंना अंडाशयाचा कॅन्सर झाला. उपचार चालू असताना त्यांची जनुकीय चाचणी झाली आणि बीआरसीए२ या जनुकात कॅन्सरचा धोका वाढवणारा बदल सापडला. आता तुम्ही (वय ३४, निपाणी), बेळगावात नोकरी करणारी धाकटी बहीण आणि खानापूरला आईंजवळ राहणारा भाऊ अशा तिघांनीही चाचणी करून घ्यायचं ठरवलंय. लॅबच्या फॉर्मवर निकाल कसा हवा ते विचारलंय: व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर, फोनवर, की डॉक्टरांकडे जाऊन. सासरी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, यजमान पुण्याला असतात, आणि तुमचा फोन संध्याकाळी मुलांच्या हातात असतो. बहिणीसाठी मामाच्या मुलाचं स्थळ घरात बोललं जातंय, हेही तुम्ही ओघात लिहिलंय. त्याकडे मी शेवटी येते, कारण ते वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

मी बेळगावात कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना जनुकीय समुपदेशन करते. खानापूर, हुक्केरी, चिकोडी इकडचे लोक येतात, तसे चंदगड-गडहिंग्लजचेही येतात. रक्त देण्याआधी विचारलं तर तरुण मंडळी बहुधा फोन म्हणतात, कारण लवकर कळतं आणि एक दिवसाची रजा वाचते. पन्नाशीपुढचे लोक आणि ज्यांनी घरात एखादं मरण जवळून पाहिलंय ते समोर बसून ऐकायचं म्हणतात. नुसता रिपोर्ट पाठवा म्हणणारे थोडे, आणि निकाल हाती आल्यावर सगळ्यात जास्त तगमग याच लोकांची झालेली मी पाहते. पण बाकीचे काय निवडतात यावरून तुम्ही ठरवू नका. निकाल सगळ्यात आधी कुणाच्या कानावर पडणार, आणि तो कळल्यावर पहिल्या तासात तुमच्या मनात उठणारे प्रश्न तुम्ही कुणाला विचारू शकणार, या दोन गोष्टींवर तुम्हाला निर्णय घ्यायचाय. या दोन्ही नक्की असतील तर फोनही चालतो. त्या नक्की नसतील तर डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसूनही निकाल वाईट रीतीनं कळू शकतो.

सगळ्यात आधी तुमची चाचणी कुठल्या प्रकारची आहे ते बघू, कारण बरंचसं त्यावर अवलंबून आहे. आईंची चाचणी झाली तेव्हा बरीच जनुकं एकदम तपासली असतील. अशा तपासणीत कधी कधी अर्थ न लागलेला बदल निघतो. रिपोर्टवर त्याला व्हीयूएस म्हणतात. तो धोक्याचा की निरुपद्रवी हे आजच्या माहितीवरून सांगता येत नाही, आणि पुढे माहिती वाढल्यावर असे बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. त्याच्या आधारावर ऑपरेशन वगैरे करायचं नसतं. असा निकाल फोनवर पाच मिनिटांत समजावणं मला कधीच पटलेलं नाही. त्याला समोर बसणं आणि कागदावर काढून दाखवणं लागतं. तुमचं तसं नाही. आईंमध्ये नेमका कुठला बदल आहे ते माहीत आहे, तेव्हा तुमच्या रक्तात फक्त तेवढाच शोधायचा. उत्तर येणार ते 'आहे' किंवा 'नाही'. प्रत्येक भावंडाला शक्यता निम्मी-निम्मी, मुलगा असो की मुलगी. 'नाही' आलं आणि वडिलांच्या बाजूला कॅन्सरचा तसा इतिहास नसला, तर तुमचा धोका चारचौघींइतकाच. इतकं सरळ उत्तर फोनवर सांगता येतं. फक्त लॅबला आईंच्या रिपोर्टची प्रत दिली आहे ना, आणि चाचणी त्याच एका बदलाची लावली आहे ना, हे आजच विचारून घ्या.

फोनवर निकाल सांगणं योग्य की नाही यावर अमेरिकेत चांगला अभ्यास झालाय. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६६९ स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचं समुपदेशन फोनवर, दुसऱ्याचं समोरासमोर. माहिती किती समजली, मनावर ताण किती आला, निर्णय घेताना द्विधा किती झाली, या सगळ्यांत फोनचा गट मागे पडला नाही. पुढे २०१८ मधल्या आणखी एका अभ्यासातही निकाल फोनवर सांगण्याबद्दल साधारण असंच दिसलं. आपल्याकडेही केंद्र सरकारनं मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यामुळे डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देणं नियमात बसतं.

मात्र त्या अभ्यासांतल्या बायकांना काय मिळालं होतं ते लक्षात घ्या. चाचणीआधी तपशीलवार बोलणं झालेलं, फोन करणारी व्यक्ती याच कामात शिकलेली, आणि बोलणं त्यांना नीट समजणाऱ्या भाषेत. आपल्या भागात यातली एखादी तरी गोष्ट हमखास निसटते. लॅब बेंगळुरूला किंवा त्याहून लांब. तिथून फोन येतो तो इंग्रजीत, हिंदीत, नाहीतर कन्नडमध्ये. आपल्यापैकी बऱ्याच जणींचं बाजारापुरतं, ऑफिसापुरतं कन्नड चांगलं असतं. पण अंडाशय, धोका, ऑपरेशन, मुलांना किती शक्यता हे सगळं ऐकताना घरची भाषाच लागते. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्या भाषेतला अर्धा मजकूर ऐकूच येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत कितीतरी जणी 'सगळं सांगितलं ओ त्यांनी फोनवर' म्हणतात, आणि काय सांगितलं विचारलं की एवढंच आठवतं: कॅन्सर होणार. म्हणून फोन निवडलात तर तो लॅबचा नको. तुमच्या डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा हवा, मराठीत हवा, आणि हे फॉर्मवर तुमच्या अक्षरात लिहा. छापील चौकटीशेजारी लिहायला कुणाची हरकत नसते.

व्हॉट्सअ‍ॅपवर थेट रिपोर्ट मात्र घेऊ नका, हे अगदी स्पष्ट सांगते. रिपोर्ट अनेक पानांचा, इंग्रजीत, आणि डॉक्टरांनी वाचावा म्हणून लिहिलेला असतो. त्यात पहिल्याच पानावर ठळक अक्षरात निकाल आणि खाली आकडे. बीआरसीए२ चं बघा. ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता शंभरात सुमारे ६९ आणि अंडाशयाच्या कॅन्सरची शंभरात सुमारे १७, असे आकडे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासातून आले आहेत. रात्री अकरा वाजता एकटीनं हे वाचलं तर ६९ हा आकडा निकालासारखाच वाटतो. तो आकडा पूर्ण आयुष्याचा आहे, चौतिसाव्या वर्षी पुढच्या दहा वर्षांचा धोका त्याच्या मानानं बराच कमी असतो, आणि हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांवरून काढलेत, हे त्या पानावर सांगायला कुणी नसतं. शिवाय फाइल एकदा फोनमध्ये आली की ती तुमच्या हातात राहत नाही. मेडिकल दुकानवाल्या चुलतभावाला 'जरा बघ रे' म्हणून पाठवलेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी भावकीत फिरलेला मी पाहिलाय. आणि तुमचा फोन तर मुलं हाताळतात. रिपोर्ट तुम्हाला मिळालाच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं आहे. पण आधी माणसाच्या तोंडून निकाल, मग कागद, हा क्रम पाळा.

फोनवर निकाल देताना मी काय करते ते सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांकडून तुम्हाला तेच मागता येईल. नमुना घेतानाच फोनचा वार आणि वेळ ठरवते. या चाचणीला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. मी त्यापुढचा एक दिवस धरते. निकाल लवकर आला तरी फोन त्याच वेळी. असं केलं नाही तर माणूस पंधरा दिवस प्रत्येक अनोळखी नंबरला दचकतं. फोन लागला की पहिला प्रश्न: आत्ता बोलायला एकांत आहे का, आणि बोलायचंय ना? 'नाही' म्हणाल्या तर दुसरी वेळ. 'हो' म्हणाल्या तर पुढच्याच वाक्यात निकाल. आधी प्रस्तावना लावली की ऐकणारीचा जीव टांगणीला लागतो आणि ती प्रस्तावना तिच्या कानात शिरतही नाही. निकाल 'आहे' असेल तर त्या दिवशी फार बोलत नाही. आज तुम्हाला कॅन्सर झालेला नाही, आणि उद्या घाईनं काही करायचं नाही, या दोन गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा सांगते. बाकीचं आठवड्याभरात समोर बसून. जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना मी फोन सुचवतच नाही. तिथं बोलता बोलता रेंज जाते, आणि 'बदल आहे' एवढं ऐकून लाईन तुटणं फार वाईट.

समोर बसून ऐकण्यात मोठा फायदा हा की चेहरा दिसतो. कुठं थांबायचं, पाणी कधी द्यायचं, तेच वाक्य पुन्हा कधी सांगायचं ते मला कळतं. कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेमुळे निपाणी-बेळगाव बसचं तिकीटही पडत नाही, हा छोटा मुद्दा नाही. पूर्वी तेवढ्या कारणावरून कितीतरी जणी परत आल्या नाहीत. तोटे मात्र दोन आहेत. पहिला असा. काही ठिकाणी बदल नसेल तर फोनवर सांगतात, आणि बदल असेल तरच 'येऊन भेटा' म्हणतात. मग त्या निरोपातच निकाल कळतो, आणि माणूस निपाणीहून बेळगावपर्यंतचा सगळा रस्ता एकट्यानं ते घेऊन येतं. याला मी पक्का विरोध करते. निकाल काहीही असो, सांगण्याची पद्धत तीच, वेळ तीच, हे डॉक्टरांकडून आधी कबूल करून घ्या. दुसरा तोटा सोबतीचा. आपल्याकडे दवाखान्यात एकटं कुणी येत नाही. सासू, दीर, कधी गावातले जाणते गृहस्थ सुद्धा. प्रेमापोटीच येतात. पण निकाल तुमच्या शरीराचा आहे. मी सोबतच्यांना बाहेर बसवून पहिली पाच मिनिटं पेशंटशी एकटीशी बोलते, आणि कुणाला आत बोलवायचं ते तिला विचारते. बहुतेक जणी बोलवतातच. पण विचारल्यावर बोलावणं आणि आधीपासून सगळे आत बसलेले असणं, यात फार अंतर आहे.

सासरी सांगावं का, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण प्रश्नात ते आहेच. चाचणीआधी सांगायलाच हवं असं काही नाही. डॉक्टर किंवा लॅब तुमच्या परवानगीशिवाय नवऱ्यालाही निकाल सांगू शकत नाहीत. फॉर्मवर तुमच्याशिवाय कुणाचं नाव द्यायचं असेल तर ते विचार करून द्या, आणि नंबर तुमचाच द्या. घरातल्या 'कामाच्या' फोनचा, म्हणजे बहुधा दिराचा, नको. माझं स्वतःचं मत विचाराल तर यजमानांना आधी सांगा आणि निकालाच्या दिवशी ते निपाणीत असतील असं बघा. पुढची दहा वर्षं तपासण्यांना, खर्चाला, एखाद्या ऑपरेशनच्या निर्णयाला सोबत तेच असणार. पण तुमच्या घरात काय झेपेल हे तुम्हालाच माहीत. काही घरांत नवऱ्यापेक्षा बहिणीला आधी सांगणं शहाणपणाचं असतं, आणि तसं करणारीला मी कधी अडवत नाही.

आता भावंडांचं. तिघांचे नमुने एकाच दिवशी जाणार, म्हणून निकालही तिघांनी एकत्र बसून ऐकावा असं तुम्हाला वाटतंय. मला ते योग्य वाटत नाही. तिघांचं उत्तर एकसारखं येण्याची शक्यता चारात एक एवढीच. बहुधा कुणाला 'आहे', कुणाला 'नाही'. एकत्र बसलं की ज्याला 'नाही' आलं त्याला हायसं वाटलेलं दाखवताही येत नाही, आणि जिला 'आहे' आलं तिला रडताही येत नाही, कारण शेजारी आई बसलेली असते. आईंच्या मनात तर आधीच 'माझ्यामुळं पोरांना' हे घर करून असतं. आईंना मुद्दाम सांगा की त्यांच्या चाचणीमुळेच तुम्हाला आधी कळण्याची संधी मिळाली. तिघांनी वेगवेगळ्या वेळा घ्या, एकाच दिवशी चालतील. मग संध्याकाळी एकमेकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि भाऊ म्हणेल, मी पुरुष, मला कशाला समोर बसवता, फोनवर सांगा. त्याला सांगा की बीआरसीए२ मध्ये पुरुषांना प्रोस्टेटच्या, स्वादुपिंडाच्या आणि क्वचित स्तनाच्याही कॅन्सरचा धोका वाढतो, आणि त्याच्या मुलींनाही हा बदल जाऊ शकतो.

यात घाई कुठं लागू होते? ज्या पेशंटचे उपचार चालू आहेत आणि निकालावर ऑपरेशन किंवा औषध ठरायचंय, तिथं निकाल त्याच दिवशी कळवावा लागतो. आईंच्या बाबतीत तसंच असणार. बीआरसीएचा बदल असला तर अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ओलापरिबसारखी औषधं वापरता येतात. तुम्ही तिघं निरोगी आहात. तुम्हाला बदल असल्याचं निघालं तरी पुढचं काम शांतपणे करायचं आहे: वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय, त्यासोबत मॅमोग्राम, डॉक्टरांकडून तपासणी, आणि मुलं झाल्यावर साधारण ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याबद्दल विचार. म्हणजे निकाल कधी ऐकायचा ते तुम्हाला निवडता येतं. घरात गौरी-गणपती असतील, नणंदेचं लग्न असेल, मुलाची परीक्षा असेल, तर पंधरा दिवस पुढची तारीख मागा. मी देते; कुठलाही समंजस डॉक्टर देईल. लॅबमधून रिपोर्ट आला आणि तो पाकिटात थांबला, तर त्यानं काही बिघडत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा: ठरलेल्या वेळी, यजमान घरी असताना, दुपारी मुलं शाळेत गेल्यावर, डॉक्टरांचा मराठीतून फोन, आणि निकाल काहीही येवो, आठवड्याभरात बेळगावला प्रत्यक्ष भेट, जिची तारीख आजच घेतलेली असेल. त्या भेटीत रिपोर्टची प्रत घ्या आणि एका पानाचा सारांश मराठीत लिहून मागा. त्यावर बदलाचं नेमकं नाव रिपोर्टवरून जसंच्या तसं उतरवलेलं हवं, कारण मावशीला किंवा मामांना चाचणी करायची झाली तर त्यांच्या लॅबला तेच लागेल. हीच गोष्ट बहिणीला लागू होत नाही. ती एकटी भाड्याच्या खोलीत राहते; तिनं फोन न घेता समोर येऊन बसावं, आणि तुम्ही तिच्यासोबत यावं. मुलांची चाचणी आत्ता करायची नाही. बीआरसीएसाठी अठराच्या आत चाचणी करत नाहीत, ते मोठे होऊन स्वतः ठरवतील.

राहिलं मामाच्या मुलाचं स्थळ. आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होतात, त्यात काही आडपडदा नाही. पण आईंमधला बदल त्यांच्या आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आला असण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे तो मामांमध्येही असू शकतो आणि मामांकडून त्यांच्या मुलात. बीआरसीए२ चा बदल नवरा-बायको दोघांतही असला, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला दोन्हीकडून बदललेलंच जनुक मिळेल. त्यातून फॅन्कोनी अ‍ॅनिमिया नावाचा गंभीर आजार होतो. रक्त तयार होणं मंदावतं आणि अगदी लहान वयात कॅन्सर होऊ शकतात. म्हणून बोलणी पुढं नेण्याआधी बहिणीचा निकाल येऊ द्या, आणि तो तिला एकटीला कळू द्या. तिला 'नाही' आलं तर मामेभावाला या कारणासाठी चाचणी करायची गरज नाही, आणि स्थळाबद्दल घरच्यांनी नेहमीसारखा विचार करावा. 'आहे' आलं तर आधी मामांची चाचणी करायची. मामांना नसेल तर त्यांच्या मुलात हा बदल त्यांच्याकडून जाणार नाही. असेल तर मुलानंही करून घ्यायची. मामांना हे सांगायला आईंनीच जावं असं मला वाटतं. भाऊ बहिणीचं ऐकतो, आणि मामांच्या तब्येतीसाठीही ही माहिती त्यांना हवीच आहे. जाताना मी वर सांगितलेला तो एक पानाचा कागद सोबत न्या. मामांना काही विचारायचं असेल तर त्यांना माझ्याकडे किंवा कोल्हापुरात कुणी समुपदेशक असेल तर तिकडे पाठवा; नमुना देण्याआधीच त्यांनाही विचारलं गेलं पाहिजे की निकाल कसा हवा, कुठल्या भाषेत हवा, आणि सोबत कोण असावं.